कुठला व्हॉल्व्ह?

भाच्याची ब्लॅक बुक हातात आली तेव्हा तिला अजून बाइंडिंगच्या खळीचा वास होता. काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं, आत ६२ पानं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला केलेल्या प्रोजेक्टचा हा अहवाल. मुंबईकडच्या कॉलेजांतली मुलं त्याला ब्लॅक बुकच म्हणतात. मी कौतुकानं रात्री वाचायला घेतली आणि साडेबाराला मिटली. विहिरीवरच्या मोटरीचं काहीतरी केलंय, एवढंच कळलं.

सकाळी चहाला विचारलं, "नक्की काय केलंस रे?"

त्यानं कप बाजूला ठेवला. "हे बघ मावशी, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला जातं. मोटर चालूच राहते, कोरडी. ओढायला पाणी नाही म्हणून ती करंट कमी खाते. तो कमी झालेला करंट आमचं सर्किट ओळखतं आणि मोटर जळायच्या आत बंद करतं. आपल्या गावच्या मोटरी मे महिन्यात रिवाइंडिंगला जातात ना, म्हणून." चहा निवायच्या आत सगळं सांगून झालं.

"मग हेच यात का नाही लिहिलंस?"

"असं लिहीत नसतात गं."

त्या एका वाक्यापायी मी त्याच्या कॉलेजात जाऊन बसले. यंदा तिसऱ्या वर्षाला टेक्निकल रायटिंग शिकवायला एक मॅडम आल्या आहेत, त्या वर्गात कमी आणि लॅबमध्ये जास्त दिसतात, असं त्यानंच सांगितलं होतं. एकदाच जायचं ठरवलं होतं. तीन शुक्रवार गेले.

हायड्रॉलिक्सची लॅब तळमजल्यावर, वर्कशॉपच्या मागे. दार उघडलं की आधी वास येतो. संपमध्ये साचलेलं पाणी, ग्रीस आणि कधीच पूर्ण न वाळणारी फरशी यांचा मिळून एक वास. मधोमध सेंट्रिफ्यूगल पंपाचा सेट. त्याच्याशेजारी स्टुलावर मामा. लॅब अटेंडंटला आपल्याकडे सगळीकडे मामाच म्हणतात. हे मामा २३ वर्षं हा पंप चालवताहेत. डोळे मिटूनही चालवतील.

मॅडमनी मुलांना एवढंच काम दिलं होतं : हा पंप सुरू करून रीडिंग घेण्याची कृती एका कागदावर लिहा. मराठीत लिहा, कारण वाचणार आहेत मामा. अट अशी की मामा कागदावर असेल तेवढंच करतील, पदरचं काही घालणार नाहीत.

पहिल्या गटानं पाच मिनिटांत कागद दिला. मामांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. "एक. मोटर चालू करा." केली. मोटर घुमायला लागली. पाइपातून थेंब नाही, गेजचा काटा शून्यावर. मामा हात मागे बांधून उभे.

"दोन. व्हॉल्व्ह हळूहळू उघडा." मामांनी मुलांकडे बघितलं. "कुठला व्हॉल्व्ह?"

सेटवर चार व्हॉल्व्ह होते. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मामांनी हाताला जवळचा होता तो फिरवला. तो निघाला मोजणीच्या टाकीचा, खालून पाणी सोडायचा. कुणीतरी हसलं. मोटर कोरडी घुमतच होती. मग मामांनी आपणहून स्विच पाडला. "हे तुमच्या कागदात नाही, माहितेय. पण अजून थोडा वेळ चालला तर पॅकिंग जळेल, आणि पंप माझा आहे."

मला भाच्याची विहीर आठवली.

मुलांना पंप येत नव्हता असं नाही. सुरू करण्याआधी त्यात पाणी भरून हवा काढून टाकावी लागते, याला प्रायमिंग म्हणतात, हे सगळ्यांना पाठ होतं. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवूनच मोटर का चालू करायची, तर तेव्हा या जातीच्या पंपाला सर्वांत कमी पॉवर लागते, हेही एकानं धडाधड सांगितलं. तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते. कागदावर मात्र यातलं काही उतरलं नव्हतं. ते गाळलंय हेही मोटर कोरडी घुमेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याचं कारण मला त्यांच्या जर्नलांत सापडलं. इंजिनिअरिंगच्या मुलाएवढं लिहिणारा प्राणी दुसरा नसेल. प्रॅक्टिकल, असाइनमेंट, टर्मवर्क, सबमिशन; बोटाला घट्टे पडतात. पण हे सगळं उतरवणं असतं. ड्रॉइंगच्या शीटची तर जीटी मारतात, म्हणजे काचेखाली दिवा लावून मित्राची शीट वर गिरवतात. जर्नलचंही तसंच, फक्त काच दिसत नाही. आणि जे लिहायचं ते तपासणाऱ्या सरांना आधीच माहीत असतं. ज्याला ठाऊक नाही अशा माणसासाठी लिहिण्याची वेळ चार वर्षांत येतच नाही. परीक्षेला थोडक्यात लिहिण्याचे गुण सांगा असा प्रश्न येतो आणि मुलं त्यावर तीन पानं लिहितात.

मॅडम मूळच्या मेकॅनिकलच्या. शिकवायला येण्याआधी ११ वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत काढलेली. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात नाइट शिफ्टच्या लॉगबुकमध्ये त्यांनी लिहिलं होतं : 'मशीनमधून आवाज येतो. बघून घेणे.' सकाळच्या सुपरवायझरनं वाचलं आणि सोडून दिलं. मशीन म्हटलं की आवाज येणारच. दुपारी स्पिंडलचं बेअरिंग गेलं. "मी लिहिलं होतं, असं मी सगळ्यांना सांगत सुटले," मॅडम म्हणाल्या. "कुठलं मशीन, कसला आवाज, कुणी बघायचं, कधीपर्यंत, यातलं काहीच लिहिलं नव्हतं. फक्त माझी सुटका लिहिली होती."

दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी फळ्यावर एक आकडा लिहिला : ६४०.

कोलंबिया हे अवकाशयान १६ जानेवारी २००३ ला उडालं. सात जण होते, त्यांत कल्पना चावला. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना इंजिनिअरांनी नुकसानीचा अंदाज बांधून नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड्स मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं : चाचण्यांची आकडेवारी बघता आपला अंदाज सावध बाजूचा आहे, अशा अर्थाचं. 'सिग्निफिकंट' हा शब्द आणि त्याचं भावंड मिळून पाच वेळा आलं होतं, एकदाही किती ते न सांगता. आणि अगदी तळाशी, बारीक टायपात, एक ओळ होती. आदळलेल्या तुकड्याचं आकारमान १९२० घनइंच. ज्या चाचणीच्या भरवशावर अंदाज बांधला त्यातला तुकडा ३ घनइंच.

"भागाकार करा," मॅडम म्हणाल्या. मुलांनी मोबाइल काढले. ६४०. चाचणी केली होती त्याच्या ६४० पट मोठी वस्तू आदळली होती आणि तो भागाकार वाचणाऱ्यावर सोडला होता. १ फेब्रुवारीला परत येताना यान फुटलं. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडची चिरफाड केली आणि चौकशी मंडळाच्या अहवालानंही तिची दखल घेतली. अपघात फोमनं झाला, स्लाइडनं नव्हे, हे मॅडमनी दोनदा बजावलं. पण ६४० हा आकडा शीर्षकात असता तर खोलीतली चर्चा त्याच शांतपणे झाली असती का, हा प्रश्न त्यांनी तसाच ठेवला.

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मॅडम, नीट लिहिलं असतं तर ऐकलं असतं?" मला वाटलं, आता त्या हो म्हणणार. त्यांनी चॅलेंजर या आधीच्या अवकाशयानाचं उदाहरण दिलं. रॉजर बॉइसजोली या इंजिनिअरनं ३१ जुलै १९८५ ला वरिष्ठांना पत्र लिहून रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंगचा धोका कळवला होता, माणसं मरतील हेही स्पष्ट लिहिलं होतं. पत्रात संदिग्ध काही नव्हतं. २८ जानेवारी १९८६ ला, थंडीच्या सकाळी, चॅलेंजर कोसळलं. सात जण गेले. "तेव्हा नीट लिहिलं की ऐकतात, असं मी सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "नीट लिहिलं की आम्हाला कळलं नव्हतं असं कुणाला म्हणता येत नाही."

या विषयाला कॉलेजात सॉफ्ट स्किल म्हणतात. त्या तासाला दांडी मारली तरी चालते, असा पोरांचा समज आहे आणि काही सरांचाही असावा. त्या दिवसापासून मला तो शब्द खटकतो.

मुलांच्या डोळ्यांसमोर मात्र प्लेसमेंट असते. लिहायला शिकून काय मिळणार, तर चांगला रेझ्युमे, चांगला ई-मेल. तेही मिळतं आणि त्यात वाईट काही नाही. पण लॅबमध्ये बसून मला दिसत होतं ते वेगळंच. लिहिताना मुलगा अडतो, आणि अडतो तिथंच त्याला आपलं न समजलेलं सापडतं. "प्रायमिंग करा असं लिहिलंय, पण कधी थांबायचं?" असं मामा विचारत, आणि धडाधड बोलणारा मुलगा गप्प होई. पाठ होतं ते प्रायमिंगचं नाव.

वर्गात कधी न बोलणारी मुरबाडकडची एक मुलगी होती, मराठी माध्यमातून आलेली. तिनं लिहिलं होतं : 'नरसाळ्यातून पाणी ओतत राहा. आधी बुडबुडे येतील. बुडबुडे थांबले की पंप भरला असं समजा.' मामांनी वाचलं, मान डोलावली आणि तसंच केलं. तीन शुक्रवारांत मी ऐकलेलं हे सगळ्यात चांगलं तांत्रिक लिखाण.

पुढच्या आठवड्यात तोच कागद इंग्रजीत करून आणायचा होता. नोकरीत इंग्रजीच लागणार, त्यात सुटका नाही. त्याच मुलीनं आणलेलं वाक्य होतं : 'प्रायमिंग शुड बी डन प्रॉपरली.'

मॅडमनी वाचलं आणि विचारलं, "बुडबुडे कुठे गेले?"

मुलगी ओशाळली. तिला इंग्रजी येत नव्हतं म्हणून हे झालं नव्हतं. 'असं लिहीत नसतात' हे तिलाही कुणीतरी शिकवलं होतं. बुडबुडे म्हणजे घरगुती, प्रॉपरली म्हणजे इंजिनिअरिंग. मॅडमनी 'प्रॉपरली'वर त्या दिवसापासून बंदी घातली. 'शुड'वरही त्या थांबल्या. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आहे, आयएस ४५६ : २०००. त्यात 'शॅल' म्हणजे केलंच पाहिजे आणि 'शुड' म्हणजे केलेलं बरं. एका शब्दावर बिल अडतं, पाडकाम होतं. आणि आपण प्रायमिंग 'केलेलं बरं' असं लिहून मोकळे. 'इट वॉज ऑब्झर्व्ड दॅट'लाही त्यांचा एकच सवाल असे : कुणी ऑब्झर्व्ह केलं? एका जर्नलात हे 'असे आढळून आले' अकरा वेळा निघालं आणि त्या मुलानं कबूल केलं की त्या दिवशी तो आलाच नव्हता.

मुलीनं तिथंच बसून वाक्य बदललं. बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओता, एवढंच, सोप्या इंग्रजीत. मराठीपेक्षा एक शब्दही जड नव्हता.

तिसऱ्या शुक्रवारी सगळ्या गटांचे कागद जोडून एक शेवटची कृती तयार झाली, १७ पायऱ्यांची. मामांनी पहिली वाचली. संपमधलं पाणी बघितलं. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद. नरसाळं, पाणी, बुडबुडे. मोटर. 'निळा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा.' या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, निळा व्हॉल्व्ह धरला आणि फिरवला. पाइप थरथरला, काटा उठला, मोजणीच्या टाकीत पाणी पडायला लागलं. दहा सेंटिमीटर चढायला किती वेळ लागतो ते मुलांनी स्टॉपवॉचवर मोजलं. बंद करताना आधी व्हॉल्व्ह, मग मोटर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याच लॅबमधला पंप सुरू झाला म्हणून टाळ्या वाजवणारी मुलं मी पहिल्यांदाच बघितली.

घरी येऊन भाच्याला हे सांगितलं. तो हसला. रात्री उशिरा त्याच्या खोलीत दिवा दिसला. ब्लॅक बुक आता बांधून झाली होती, तिच्यात काही बदलणार नव्हतं. तो गावच्या वायरमनसाठी एक पान लिहीत होता, मराठीत. सर्किटची पेटी कुठे बसवायची, कुठली वायर कुठे. वायरींना त्यानं रंगांची नावं दिली होती. ती बघून मला लॅबमधलं शेवटचं दृश्य आठवलं आणि मी त्याला मामांचा किस्सा सांगितला.

पंप चालल्यावर मुलं कागद लॅमिनेट करून भिंतीवर लावायला निघाली होती. मामा म्हणाले, "थांबा जरा." खिशातलं बॉलपेन काढून त्यांनी 'निळा' खोडलं. मुलं हिरमुसली, बरोबर चाललं होतं की! मामा म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत पेंटर येतो. जो रंग शिल्लक असेल तो मारतो. मागच्या वर्षी हा हिरवा होता." आणि खोडलेल्या शब्दावर, ओल्या कागदावर पेन नीट उमटत नव्हतं म्हणून दोनदा गिरवून, त्यांनी लिहिलं : पंपापासून वर पहिला.