गोळी, पाणी आणि मीठ

चैत्र सरू लागला की माणदेशातील उन्हाला धार येते. माणगंगेच्या पात्रात वाळू तळपत असते, म्हसवडच्या पेठेत दुपारी दुकानांसमोर पडदे सोडले जातात आणि गल्ल्यावर बसलेला माणूस तांब्याकडे पुनःपुन्हा हात नेतो. पर्जन्यछायेतील या गावाला पाण्याचे मोल कोणी शिकवण्याची गरज नाही. परंतु याच पेठेत बसणारा एखादा माणूस लिथियमची गोळी घेत असेल, तर त्याच्यासाठी तांब्यातील पाणी आणि ताटातील मीठ हे औषधोपचाराचेच अंग ठरते. ही गोष्ट घरातील सर्वांना ठाऊक असतेच असे नाही.

लिथियम हे बायपोलर, म्हणजे द्विध्रुवीय मनोविकारावरील जुने आणि भरवशाचे औषध. या विकारात मन कधी उन्मादाच्या शिखरावर, तर कधी औदासीन्याच्या तळाशी जाते. उन्मादाच्या काळात झोप उडते, बोलण्याला खंड राहत नाही, आत्मविश्वास अवास्तव वाढतो. व्यापारी घरात ही लक्षणे बऱ्याचदा वहीतच प्रथम उमटतात: गरज नसता उचललेला माल, ओळख नसता दिलेली उधारी, विचार न करता सही केलेले धनादेश. औदासीन्यात तोच माणूस दुकानाची फळी उघडण्यासही धजत नाही. घरचे प्रथम त्याला ‘धडाडीचा’ म्हणतात आणि नंतर ‘आळशी’. दोन्ही विशेषणे चुकीची असतात. तो आजारी असतो.

ऑस्ट्रेलियातील जॉन केड या मनोविकारतज्ज्ञांनी १९४९ साली उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा गुण दाखवून दिला. पुढे डेन्मार्कचे मोगेन्स शाऊ यांनी त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. हे औषध आजाराचे झटके पुन्हा येण्याचे प्रमाण कमी करते, तसेच आत्महत्येचा धोकाही कमी करते. मात्र गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर अल्प असते. रक्तातील लिथियमची पातळी सामान्यतः ०.६ ते १.० या मर्यादेत राखली जाते, ती १.५ च्या वर गेली की विषबाधेचा धोका उभा राहतो. म्हणून शेवटच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी रक्त देऊन पातळी तपासतात. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्याही ठरावीक काळाने कराव्या लागतात.

पाणी आणि मीठ यांचा संबंध येथेच येतो. मूत्रपिंड लिथियमला जवळजवळ मिठासारखेच वागवते. घामाने, जुलाबाने किंवा उपवासाने शरीरातील पाणी व मीठ घटले, की मूत्रपिंड मीठ धरून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही अडकून राहते. गोळी तीच, मात्रा तीच. तरी रक्तातील पातळी चढते. हाताचा बारीक कंप ठळक होतो, उलट्या-जुलाब सुरू होतात, पाय अडखळतात, जीभ जड होते, गुंगी येते. अशा वेळी पुढची गोळी न देता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे लागते.

जैन घरात हा प्रश्न भाद्रपदात विशेष कसोटीचा होतो. दशलक्षण पर्वात निर्जल उपवास होतात, रविव्रतात अळणी एकाशन असते, रसपरित्यागात मीठही सोडले जाते, श्वेतांबर घरांत आयंबिल होते. निरोगी माणसाला झेपणारी ही व्रते लिथियम घेणाऱ्याला थेट संकटात नेऊ शकतात. यातून वाट काढण्यासाठी परंपरा सोडावी लागत नाही. सोळा भावनांत ‘शक्तितस्तप’ आहे. तप आपल्या शक्तीनुसार करावे, असाच तिचा अर्थ. चार दानांत औषधदानालाही स्थान आहे. जी परंपरा दुसऱ्याला औषध देणे पुण्याचे मानते, ती स्वतःच्या घरातील रुग्णाला औषधापासून दूर कशी ठेवील? अशा व्यक्तीने उपवासाऐवजी स्वाध्याय, मौन किंवा एखाद्या प्रिय पदार्थाचा त्याग असा नियम घ्यावा. रात्रिभोजनत्याग असणाऱ्या घरांत रात्रीच्या गोळीची अडचण वाटते. तेथे पाणी व औषध यांची मोकळीक ठेवून नियम घेता येतो, अथवा गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येते. स्वतःच्या मनाने वेळ बदलणे मात्र टाळावे.

घराघरांत सहज घेतली जाणारी अंगदुखीची गोळीही येथे निर्धोक नसते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके आणि रक्तदाबावरील काही औषधे लिथियमची पातळी वाढवतात. औषधांच्या दुकानात ‘काहीतरी द्या’ म्हणण्याऐवजी ‘लिथियम चालू आहे’ हे प्रथम सांगावे.

दुष्परिणामांविषयी मौन बाळगले जाते आणि तेच अधिक घातक ठरते. लिथियमने तहान लागते, वारंवार लघवीला जावे लागते, वजन वाढते, हात थरथरतो. पावती लिहिताना अक्षर हलले की गिऱ्हाइकाची नजर टोचते. व्हॅल्प्रोएटने केस गळतात, वजन वाढते. गरोदरपणात ते गर्भाला अपायकारक असल्याने विवाहित मुलींबाबत विशेष जपावे लागते. ओलान्झापिन, क्वेटियापिन यांनी सकाळी डोळे उघडत नाहीत आणि रक्तातील साखर वाढू शकते. रुग्ण कंटाळतो आणि बरे वाटत असतानाच गोळी बंद करतो. काही आठवड्यांत आजार पुन्हा डोके वर काढतो. त्यापेक्षा त्रास डॉक्टरांना सांगितला, तर मात्रा कमी करणे, वेळ बदलणे किंवा दुसरे औषध देणे असे अनेक मार्ग निघतात.

स्थळ पाहण्याच्या काळात गोळ्यांचे पाकीट कपाटात लपते, पुढे नव्या घरात ते उघडण्याचे धैर्य होत नाही आणि औषध तुटते. लपवलेला आजार दोन घरांना पोळतो. मुंबईच्या उद्योजक घराण्यातील अपर्णा पिरामल राजे यांनी आपल्या बायपोलर आजारावर ‘केमिकल खिचडी’ हे इंग्रजी पुस्तक २०२२ साली प्रसिद्ध केले. व्यापारी समाजात नाव असलेल्या घरातून हे उघडपणे बोलले गेले, याचे मोल मोठे आहे.

व्यापारी घराला हिशेब ठेवण्याची सवय असते. तीच येथे कामी येते. रोजमेळाशेजारी एक छोटी वही असावी: झोप किती तास झाली, मन कसे होते, गोळी घेतली का, वजन किती. दोन-तीन रात्री झोप उडाली, तर तो पहिला इशारा समजावा. मन स्थिर असतानाच सर्वांच्या संमतीने ठरवून ठेवावे, की मोठ्या खरेदीवर आणि उधारीवर दोघांच्या सह्या असतील. आजाऱ्याच्या मानाला धक्का न लावता दुकान सांभाळण्याचा तो मार्ग आहे.

तज्ज्ञांसाठी पुण्या-मुंबईलाच धावावे लागते असे नाही. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मनोविकारांनाही संरक्षण द्यावे, असे बंधन घातले आहे. पॉलिसी घेताना व तिचे नूतनीकरण करताना हे कलम वाचून घ्यावे.

वैशाखात दुपारी घरातून दुकानात डबा येतो, तेव्हा त्याबरोबर पाण्याची भरलेली बाटली आणि चिमूटभर मीठ घातलेले ताक येते. सून ते ठेवते आणि काही न बोलता निघते. गोळी झाली का, असे ती चारचौघांत विचारत नाही, वहीत पाहते. ज्या घराला एवढे साधले, त्या घरातील आजारी माणूस पुन्हा वर्षानुवर्षे गल्ल्यावर बसू शकतो.