रॉक रेडिओच्या स्टुडिओतून वेबच्या पानावर

अमेरिकेत रॉक रेडिओच्या निर्मिती विभागात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस वेब डिझाईनकडे वळला, की लोक त्याच्याविषयी दोनपैकी एक मत करून घेतात. कोणी म्हणतं, कला सोडून पोटामागे लागला. कोणी म्हणतं, इतक्या वर्षांचं शिकलेलं वाया गेलं, आता पुन्हा श्रीगणेशा. दोन्ही मतं मला घाईची वाटतात. आवाजाची जाण हे रेडिओ निर्मात्याचं साधन आहे. त्याचं खरं कसब वेगळंच असतं: जो माणूस गाडी चालवतोय किंवा भांडी घासतोय, ज्याचं लक्ष अर्धंच आपल्याकडे आहे आणि जो कुठल्याही क्षणी दुसऱ्या स्टेशनवर जाऊ शकतो, अशा अनोळखी माणसापर्यंत ठरलेल्या सेकंदांत एक गोष्ट पोहोचवणं. वेबच्या पानालाही नेमकं हेच कसब लागतं, त्यामुळे या माणसाची शिदोरी भरलेली असते. फक्त एका बाबतीत त्याची जुनी सवय वेबवर उलटी पडते आणि तिची चर्चा फारशी होत नाही.

रेडिओ म्हटलं की आपल्याला निवेदक आठवतो. निर्मितीचं काम मात्र त्याच्या मागच्या खोलीत चालतं. दुकानदारांच्या ३० आणि ६० सेकंदांच्या जाहिराती, कार्यक्रमांचे प्रोमो, दोन गाण्यांमध्ये स्टेशनची ओळख देणारे काही सेकंदांचे स्वीपर, दर तासाच्या सुरुवातीला कायद्यानं सांगावी लागणारी स्टेशनची खूणअक्षरं आणि गावाचं नाव, हे सगळं तिथं घडतं. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्सवर टॉम डोनाह्यू यांनी एफएमवर मनमोकळं रॉक वाजवायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी मार्चमध्ये बॉस्टनचं डब्ल्यूबीसीएन रॉककडे वळलं आणि या स्टेशनांना स्वतःचा असा एक सूर मिळाला. तो सूर गाण्यांइतकाच गाण्यांमधल्या जागांनी घडवला. कारण गाणी सगळ्यांकडे तीच होती.

१९९०च्या सुमारापर्यंत हे काम बहुतेक ठिकाणी पाव इंची टेपवर होई. टेप सेकंदाला १५ इंच या वेगानं धावे, म्हणजे निवेदकाचा अर्ध्या सेकंदाचा श्वास काढायचा तर साडेसात इंच टेप कापायची. निर्माता दोन्ही रिळं हातानं मागेपुढे फिरवून शब्द नेमका कुठे सुरू होतो ते ऐके, टेपच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलनं खूण करी, टेप धातूच्या खाचेत बसवून ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत ब्लेडनं कापी आणि चिकटपट्टीनं जोडी. छेद तिरका, म्हणजे जोडावर आवाज खटकन बदलत नाही. तयार जाहिरात मग कार्टवर चढे. कार्ट म्हणजे अखंड वेटोळ्यातली टेप असलेली प्लास्टिकची डबी. टेपच्या वेगळ्या पट्टीवर नोंदवलेला इशारा मिळाला, की यंत्र आपोआप सुरुवातीशी येऊन थांबे. गाण्याच्या कार्टवर लेबल असे: एकूण लांबी, गायकाचा आवाज सुरू होण्याआधीचे सेकंद, शेवट कसा होतो. निवेदक ते सेकंद पाहून बोलायचा आणि गायकाचा पहिला शब्द येण्याच्या क्षणी थांबायचा. आकाशवाणीच्या केंद्रांवर स्पूल कापून जोडलेल्या जुन्या मंडळींना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

नंतर हे काम संगणकावर आलं. प्रो टूल्स १९९१ मध्ये बाजारात आलं, पुढे कूल एडिट आलं. २००३ मध्ये अडोबीनं कूल एडिट विकत घेतलं आणि त्याचंच ऑडिशन झालं. म्हणजे फोटोशॉप बनवणाऱ्या कंपनीचंच सॉफ्टवेअर रेडिओच्या खोलीत येऊन बसलं. एकावर एक थर रचणं, फाईल लहान करणं, केलेलं मागे घेऊन पुन्हा करून पाहणं, हे निर्मात्याच्या हातात तोवर मुरलेलं होतं. वेबचं वेळापत्रकही याच्याशी जुळून आलं. १९९३ मध्ये मोझेक ब्राउझर आला आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये चॅपल हिलच्या विद्यार्थी चालवत असलेल्या डब्ल्यूएक्सवायसी स्टेशननं आपलं प्रसारण इंटरनेटवर सोडलं. प्रसारणातला एक प्रसिद्ध माणूस तर त्याआधीच तिकडे वळला होता. एमटीव्हीवर हेवी मेटलचा कार्यक्रम सादर करणारे अॅडम करी यांनी १९९३ मध्ये एमटीव्हीच्या नावाचं डोमेन स्वतःच नोंदवलं. १९९४ मध्ये त्यांनी वाहिनी सोडली आणि वेबसाइट बांधणारी ऑनरॅम्प ही कंपनी चालवली. डोमेनवरून झालेला दावा पुढे तडजोडीनं मिटला.

करी स्वतःहून गेले, पण पुष्कळांना जावं लागलं. त्याचं मुख्य कारण एक कायदा आहे. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर सही केली. तोवर एका कंपनीला देशभरात २० एएम आणि २० एफएम अशी ४० स्टेशनं ठेवता येत होती. नव्या कायद्यानं देशपातळीवरची मर्यादाच काढली आणि मोठ्या शहरात एका मालकाला ८ स्टेशनांपर्यंत मोकळीक दिली. सॅन अँटोनिओची क्लिअर चॅनेल काही वर्षांत ४०च्या आसपासवरून सुमारे १२०० स्टेशनांवर पोहोचली. आठ स्टेशनं एका इमारतीत आली, की आठ निर्मिती विभाग कशाला ठेवायचे, हा हिशोब कुणालाही सुचतो. व्हॉइस ट्रॅकिंगमुळे एका शहरातला निवेदक आपलं बोलणं आधीच मुद्रित करून दहा शहरांत वाजवू लागला. डब्ल्यूबीसीएन ऑगस्ट २००९ मध्ये बंद झालं. क्लिअर चॅनेलचंच नाव पुढे आयहार्टमीडिया झालं आणि जानेवारी २०२० मध्ये त्या कंपनीनं मोठी नोकरकपात केली. हे माहीत असलं की ‘कला सोडली’ हा आरोप टिकत नाही. माणसानं खोली सोडण्याआधी खोलीच आवरली गेली होती.

आता शिदोरीकडे येतो. ३० सेकंदांच्या इंग्रजी जाहिरातीत ७५ ते ८० शब्द बसतात. दुकानदाराला त्यात पत्ता, फोन, वेळ, बारा वस्तूंची नावं, ‘१९५२ पासून आपल्या सेवेत’ आणि मुलाचा आवाज, असं सगळं हवं असतं. ऐकणाऱ्यानं या तीस सेकंदांनंतर नेमकं काय करायचं, हा प्रश्न विचारून त्याला एका गोष्टीवर आणणं, हा निर्मात्याचा रोजचा वाद. वेबसाइटच्या पहिल्या पानाची बैठक जिथे भरते तिथे हाच वाद होतो, फक्त तिथे प्रत्येक विभागाला पानावर आपली जागा हवी असते. इथे रंग-अक्षरांचं शिक्षण घेतलेल्या नवख्यापेक्षा रेडिओतून आलेला माणूस वरचढ ठरतो, कारण ‘नाही’ म्हणण्याचा आणि ग्राहक न दुखावता म्हणण्याचा सराव त्याला आहे. वजनाचा हिशोबही त्याला कळतो. सुरुवातीच्या २८.८ केबीपीएस मोडेमवर ५० किलोबाइटचं एक चित्र उतरायला जवळपास १४ सेकंद लागत. चौदा सेकंदांची शांतता म्हणजे काय, हे ज्याला प्रसारणातून ठाऊक आहे त्याला चित्र लहान करा असं सांगावं लागत नाही.

याहून खोल साम्य मिक्सिंगमध्ये आहे आणि ते रॉकमध्ये विशेष आहे. विकृत केलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बरोबर त्याच कंप्रतांत दाट असतो जिथे माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं ऐकू येतात. त्यावर निवेदकाचा आवाज नुसता मोठा करून भागत नाही, कल्लोळच वाढतो. म्हणून निर्माता गिटारमधला तेवढाच पट्टा कापतो, बोलणं सुरू झालं की संगीत थोडं दबवतो, शब्द संपला की वर आणतो. ऐकणाऱ्याला गिटार कमी झाल्याचं कळतही नाही, पण शब्द समजतो. छायाचित्रावर मजकूर ठेवताना डिझायनरपुढे हाच प्रश्न असतो. सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुरात आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ इतका उजळपणाचा फरक हवा. वेबएम या संस्थेनं २०१९ मध्ये दहा लाख वेबसाइटांची पहिली पानं यंत्रानं तपासली, तेव्हा ९७.८ टक्के पानांत दोष सापडले. त्यातला सर्वांत जास्त आढळलेला दोष होता फिका मजकूर, आणि तो ८५ टक्क्यांहून अधिक पानांवर होता. डोळ्याचं शिक्षण घेतलेल्या धंद्यात ही स्थिती आहे. तेव्हा कानानं शिकलेली स्पष्टतेची शिस्त इथे उपरी ठरत नाही.

तरीही कान आणि डोळा ही वेगळी इंद्रियं आहेत, हा आक्षेप उरतोच आणि त्यात तथ्य आहे. अक्षरांची घडण, रंगांचा मेळ, रकान्यांची मांडणी रेडिओ शिकवत नाही. हे वेळ देऊन शिकावं लागतं आणि काहींना ते कधीच साधत नाही. पण वेबचं पान फक्त डोळ्यांसाठी असतं हे गृहीतक चुकीचं आहे. जॉज किंवा एनव्हीडीए यांसारखी स्क्रीन रीडर सॉफ्टवेअरं दृष्टिहीन वाचकाला पान मोठ्यानं वाचून दाखवतात. वाचक मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारत पुढे जातो. मथळे नुसतेच ठळक अक्षरांत असतील, कोडमध्ये मथळा म्हणून नोंदवलेले नसतील, तर त्याच्यासाठी ते नसतातच. ‘इथे क्लिक करा’ असे सात दुवे ओळीनं ऐकले तर कुठला कुठे नेतो हे कळत नाही. चित्राचं वर्णन दोन ओळींत द्यायचं की चित्र निव्वळ सजावट म्हणून सोडून द्यायचं, हा निर्णय तर सरळसरळ रेडिओचा आहे. जो माणूस पान ऐकून तपासू शकतो तो या कामात फार मोलाचा आहे, आणि असे डिझायनर आजही पुरेसे नाहीत असं मला ठामपणे वाटतं.

आता ती उलटी पडणारी सवय. रेडिओत वेळ निर्मात्याच्या मालकीची असते. आधी काय, नंतर काय, मध्ये किती थांबायचं, सगळं तोच ठरवतो. ऐकणारा मागे जाऊ शकत नाही, म्हणून फोन नंबर तीनदा सांगायचा. वेबवर वेळ पाहणाऱ्याच्या मालकीची आहे. तो पानाच्या मधूनच शिरतो, खालून वर जातो, तीन खिडक्या उघड्या ठेवतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पानावर हालचाल आणि आवाज आणणारं फ्लॅश हे तंत्र रुळलं तेव्हा अनेकांनी वेबवर प्रसारणच सुरू केलं. संगीतासह फिरणारी अक्षरं, अर्ध्या मिनिटाची प्रस्तावना आणि कोपऱ्यात ती टाळण्याचं बारीक बटण. त्या बटणाची गरज पडली यातच निकाल लागला होता. ऑक्टोबर २००० मध्ये वेबच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी फ्लॅश ९९ टक्के वाईट असल्याचा लेख लिहिला. टक्केवारी रागातली असेल, पण रोख बरोबर होता. सुलभतेच्या निकषांत आजही नियम आहे, की पान उघडताच आपोआप वाजणारा आवाज ३ सेकंदांहून अधिक चालला, तर तो थांबवायची सोय हवी. तीस सेकंद हे ज्याचं एकक होतं त्याला इथे विचारल्याशिवाय तीनच मिळतात. उलट बाजूचं उदाहरण हिलमन कर्टिस यांचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉक बँडमध्ये वाजवणारा हा माणूस मॅक्रोमीडिया कंपनीचा कलादिग्दर्शक झाला आणि फ्लॅशमधलाच अग्रणी ठरला. त्यानं हलक्या फाईली, थोडी हालचाल आणि एकच मध्यवर्ती आशय यांचा आग्रह धरला. संगीतातून आलेली लय त्यानं टिकवली.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. एक बुडती नाव सोडून दुसऱ्या बुडत्या नावेत बसण्यात शहाणपण कसलं? वर्डप्रेस २००३ पासून आहे, विक्स आणि स्क्वेअरस्पेस तयार साचे देतात, आता कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटाभरात पान उभं करते. साध्या पाच पानांच्या वेबसाइटला डिझायनर लागतोच असं नाही, हे मान्य करायला हवं. मात्र साचा फक्त जागा देतो; त्या जागेत काय ठेवायचं आणि कशाला फाटा द्यायचा, हे तो ठरवत नाही. ब्लेड गेलं, कार्ट गेलं, तरी कुठे कापायचं हे ज्याला कळत होतं त्याचं काम पडद्यावरही चाललं. एक गोष्ट मात्र खरोखर हातची जाते, तिला भरपाई नाही. रॉक स्टेशनला एक गाव असे, वर्षानुवर्षं ऐकणारे तेच लोक असत आणि निर्मात्याचा विनोद, त्याचा सूर त्यांच्या ओळखीचा होई. डिझायनरला दर महिन्याला नवा ग्राहक आणि नवे अनोळखी पाहणारे मिळतात. हे दुःख खरं आहे, आणि पगार वाढला म्हणून ते कमी होत नाही.

ज्याला तरीही जायचं आहे त्यानं चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. आधी एचटीएमएल नीट शिकावं, मग सीएसएस, मग पान माउसशिवाय आणि पडद्याकडे न बघता वापरून पाहावं. नमुन्यादाखल जुन्या जाहिरातींची ध्वनिफीत पाठवू नये, कारण वेबच्या कंपनीत ती कुणाला जोखता येत नाही. त्याऐवजी एका जाहिरातीसाठी ग्राहकानं दिलेली मूळ यादी आणि शेवटी प्रसारित झालेले ७५ शब्द शेजारी शेजारी ठेवावेत. काय कापलं आणि का, हे प्रत्येक ओळीपुढे लिहावं. मग त्याच ग्राहकासाठी एक पान बांधून त्याखाली जोडावं.