कर्करोग आणि देहाचे पहारेकरी

देहाला जडणारे पुष्कळसे रोग बाहेरून येतात. विषमज्वराचे जंतु पाण्यांतून येतात, हिवतापाचे डांसाच्या सोंडेंतून येतात, आणि देहाचे पहारेकरी त्या परक्यांना ओळखून त्यांच्यावर तुटून पडतात. कर्करोगाची गोष्ट निराळी आहे. तेथें कुंपणच शेत खाऊं लागतें. आपल्याच देहांतील एखादी पेशी मर्यादा सोडून वाढत सुटते, तिची संतति दूरदूरच्या अवयवांत जाऊन घर करते, आणि पहारेकरी मात्र पुष्कळदां स्वस्थ बसलेले आढळतात. ते स्वस्थ कां बसतात?

या प्रश्नाचें उत्तर नव्हतें तोंवर वैद्यांच्या हातीं तीनच उपाय होते. गांठ शस्त्रानें कापून काढावी, किरणांनीं जाळावी, किंवा रासायनिक औषधांनीं मारावी. तिन्हींचा रोख गांठीवर. पहारेकऱ्यांनाच जागें करण्याची कल्पना अगदींच नवी होती असें नाहीं. न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य विल्यम कोली यांनीं १८९१ सालीं एका रोग्याच्या गांठींत मुद्दाम जंतु टोंचून पाहिले होते. अशा उपायानें कांहींच्या गांठी विरघळल्या. पण कोणाच्या विरघळतील आणि कोणाच्या नाहीं हें सांगतां येईना, आणि विरघळल्या तरी त्याचें कारण उमगेना. कारण न कळलेला उपाय फार दिवस टिकत नाहीं. तोही मागें पडला. सुमारें शंभर वर्षांनीं त्या कारणाचा एक महत्त्वाचा धागा ज्यांच्या हातीं लागला, ते डॉ. जेम्स ॲलिसन कर्करोगावरील औषध शोधावयास निघालेले नव्हते. पहारेकरी काम कसें करतात, एवढेंच त्यांना जाणून घ्यावयाचें होतें.

ॲलिसन यांचा जन्म ७ ऑगस्ट १९४८ रोजीं अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत ॲलिस नांवाच्या लहानशा गांवीं झाला. वडील गांवचे डॉक्टर. जेम्स दहा-अकरा वर्षांचा असतांना त्याची आई वारली. तिच्या मानेवर भाजल्यासारख्या खुणा त्यानें पाहिल्या होत्या. त्या किरणोपचाराच्या होत्या, आणि तिला लसीकाग्रंथींचा कर्करोग झाला होता, हें त्याला मागाहून कळलें. पुढें २००५ सालीं थोरले बंधूही कर्करोगानेंच गेले. शाळेंत असतां जीवशास्त्राच्या वर्गांत डार्विनचा उत्क्रांतिवाद शिकवीत नाहींत म्हणून त्यानें तो वर्ग नाकारला, आणि विश्वविद्यालयाचा अभ्यासक्रम पत्रद्वारां पुरा केला. वडिलांप्रमाणें वैद्य व्हावें असा प्रथम विचार होता. परंतु वैद्याला चूक परवडत नाहीं, संशोधकाला मात्र चुकत चुकतच पुढें जावें लागतें, हा भेद ध्यानीं आल्यावर त्यानें संशोधन पत्करलें.

ऑस्टिन येथील टेक्सास विश्वविद्यालयांत ते डॉक्टरेटसाठीं ॲस्पॅराजिनेज या एंझाइमचा अभ्यास करीत होते. या एंझाइममुळें रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींचें एक आवश्यक अन्न तुटतें व त्या मरतात. औषधानें बऱ्या झालेल्या कांहीं उंदरांना त्यांनीं सहज म्हणून पुन्हां कर्करोगाच्या पेशी टोंचल्या. या वेळीं औषध दिलें नव्हतें. तरीही उंदरांना रोग झाला नाहीं! त्यांच्या देहानें शत्रूला एकदां पाहिलें होतें आणि तें विसरलें नव्हतें. ही स्मृति कोठें राहते, या कुतूहलानें ॲलिसन यांना जन्माचें काम दिलें.

ती स्मृति बाळगणाऱ्या पेशींपैकीं एक महत्त्वाची जात म्हणजे टी-पेशी. या पांढऱ्या पेशी छातींतील थायमस ग्रंथींत तयार होतात आणि देहभर गस्त घालतात. त्या शत्रूला ओळखतात कशा, हें १९८० च्या सुमारास गूढच होतें. प्रत्येक टी-पेशीच्या पृष्ठावर असणाऱ्या ज्या प्रथिनानें ही ओळख पटते, तें ॲलिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८२ सालीं दाखवून दिलें. पण ओळख पटली म्हणजे टी-पेशी लढावयास निघतेच असें नाहीं, हें लौकरच कळून आलें. घोडा खोगीर घालून उभा असला तरी टांच मारावी लागते. ही टांच मारणारें प्रथिन म्हणजे सीडी-२८, हें त्यांच्या व इतरांच्या प्रयोगांवरून ठरलें.

आतां तिसरें प्रथिन उरलें. १९८७ सालीं फ्रान्समधील शास्त्रज्ञांनीं तें शोधून काढलें होतें. सीटीएलए-४ हें त्याचें नांव. रचनेंत तें सीडी-२८ सारखेंच, म्हणून तेंही टांचच मारीत असावें असें कित्येकांचें मत होतें. ॲलिसन तेव्हां कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें होते. त्यांचे विद्यार्थी मॅथ्यू क्रमेल यांनीं केलेल्या प्रयोगांत नेमकें उलट दिसलें. शिकागोच्या जेफ्री ब्लूस्टोन यांनाही स्वतंत्रपणें तेंच आढळलें. सीटीएलए-४ ही टांच नव्हे, तो लगाम आहे! टी-पेशी चेंवली म्हणजे हें प्रथिन तिला आंवरून धरतें. असा लगाम देहाला हवाच. ज्या उंदरांत तो जन्मतःच नसतो, ते स्वतःच्याच पहारेकऱ्यांच्या उच्छादानें थोड्या आठवड्यांत मरतात, हें १९९५ सालीं सिद्ध झालें.

लगामाची ही उपयुक्तता पाहून कांहीं संशोधकांचें लक्ष निराळ्या दिशेकडे गेलें. ज्या रोगांत देह स्वतःवरच उलटतो, तेथें लगाम आवळतां येईल काय, असा त्यांचा विचार होता. ॲलिसन यांनीं विचार केला तो लगाम सैल करण्याचा. लगामावर चपखल बसून तो निकामी करील असें प्रतिपिंड कर्करोग झालेल्या उंदरांना टोंचावयाचें, असें ठरलें. १९९४ च्या अखेरीस त्यांच्या प्रयोगशाळेंतील डॅना लीच यांनीं केलेल्या पहिल्या प्रयोगाचा निकाल इतका अनुकूल आला कीं ॲलिसन यांना तो खरा वाटेना. तोच प्रयोग तत्काळ पुन्हां करावयाचें ठरलें. परंतु नाताळची सुटी आलेली, लीच प्रवासास निघालेले. तेव्हां मोजमापाचें काम ॲलिसन यांनीं स्वतः अंगावर घेतलें. कोणत्या पिंजऱ्यांतील उंदरांना खरें औषध दिलें आहे हें त्यांनीं स्वतःपासूनही लपवून ठेवविलें होतें. प्रथम सगळ्याच उंदरांच्या गांठी वाढत गेल्या. निराशाच पदरीं येणार असें दिसूं लागलें. आणि मग एका गटांतील गांठींची वाढ मंदावली, थांबली, त्या आकसूं लागल्या, आणि शेवटीं नाहींशा झाल्या. १९९६ च्या मार्चमध्यें हें संशोधन प्रसिद्ध झालें.

उंदरांकडून माणसांकडे येण्यास मात्र पंधरा वर्षें लागलीं. प्रतिकारशक्तीनें कर्करोग बरा करण्याचीं अनेक आश्वासनें पूर्वीं फोल ठरलेलीं. औषधकंपन्या पैसा घालावयास धजेनात. शेवटीं एका लहान कंपनीनें मानवी प्रतिपिंड तयार केलें. त्याचें नांव इपिलिमुमॅब. २००४ सालीं ॲलिसन न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग कर्करोगकेंद्रांत गेले, तें या औषधाच्या पाठीशीं राहण्यासाठींच. पण तेथें एक वेगळीच अडचण आडवी आली. रासायनिक औषध लागू पडलें तर गांठ थोड्याच आठवड्यांत लहान होते, आणि त्याच मापानें सर्व औषधें जोखलीं जात. या औषधानें कित्येक रोग्यांची गांठ आधीं मोठी होई, कारण पहारेकरीच तींत शिरून तिला फुगवीत. नाताळांत उंदरांच्या बाबतींत जें दिसलें होतें, तेंच पुन्हां दिसत होतें. घाईनें निकाल देणाऱ्याला तें अपयश वाटलें असतें. अशाच दुसऱ्या एका प्रतिपिंडाची मोठी चांचणी २००८ सालीं मध्येंच थांबविण्यांत आलीही.

अखेर गांठीचें माप हा मुख्य निकष न धरतां, रोगी किती काळ जगला हाच निकष धरावयाचें ठरलें. पसरलेल्या मेलानोमा या कर्करोगाच्या ६७६ रोग्यांवरील चांचणीचा निकाल २०१० सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना हें औषध मिळालें नाहीं त्यांच्या आयुष्याचें मध्यमान ६.४ महिने होतें. औषध मिळालेल्यांचें सुमारें १० महिने. मार्च २०११ मध्यें अमेरिकेच्या सरकारनें औषधाला मान्यता दिली. थोड्या महिन्यांची ही भर क्षुद्र वाटेल. पण मध्यमानाच्या आंकड्यांत एक गोष्ट झांकून जाते. अशा १,८६१ रोग्यांची पुढें तपासणी झाली, तेव्हां शेंकडा सुमारें २२ जण तीन वर्षांनंतरही जिवंत होते, आणि जे तीन वर्षें जगले त्यांपैकीं बहुतेक पुढेंही जगतच राहिले. पूर्वीं हा रोग पसरला म्हणजे वर्षभरांतच बहुतेक आशा संपत असे.

जपानमधील क्योटोचे डॉ. तासुकु होंजो यांनीं १९९२ सालीं पीडी-१ हा आणखी एक लगाम शोधला होता. त्यावरील औषधें अधिक कर्करोगांवर लागू पडलीं, आणि २०१८ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यांत आलें.

तरीही शेंकडा बावीस म्हणजे शंभर नव्हेत. लगाम सैल झालेले पहारेकरी केव्हां केव्हां रोग्याच्याच आंतड्यांवर, त्वचेवर वा ग्रंथींवर उलटतात. शिवाय हीं औषधें इतकीं महाग कीं हिंदुस्थानांतील बहुसंख्य रोग्यांच्या तीं आंवाक्याबाहेरचीं. या शेवटच्या अडचणीवर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील वैद्यांनीं एक वाट काढून पाहिली. पीडी-१ वरील औषधाची नेहमींची मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम. त्यांनीं दर तीन आठवड्यांस अवघे २० मिलिग्रॅम दिले, आणि जोडीला पोटांत घ्यावयाचीं स्वस्त औषधें दिलीं. डोकें व मान या भागांतील पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवरील ही चांचणी २०२२ सालीं प्रसिद्ध झाली. नुसत्या स्वस्त औषधांवर वर्षभर जगणारे शेंकडा १६.३ होते, अल्प मात्रेची जोड मिळालेल्यांत ते ४३.४ झाले.

ज्या मुलाला आईच्या आजाराचें नांव ठाऊक नव्हतें, त्यानें मोठेपणीं कर्करोगावर थेट शस्त्र उगारलें नाहीं. पहारेकरी कशानें उठतात आणि कशानें थांबतात, एवढेंच तो शोधीत राहिला. आणि गांठ वाढतांना दिसली तरी मोजमाप सोडून उठला नाहीं. आज जगांतील कित्येक घरांत जें माणूस अजून पंगतीला बसतें आहे, तें त्या थांबण्याचें फळ आहे.