सोमवारी दिल्लीत उतरू नका

दिल्लीचं तिकीट काढायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. हॉटेल, बजेट, थंडीचे कपडे हे सगळं नंतर. सोमवारी लाल किल्ला बंद असतो. राष्ट्रीय संग्रहालय बंद. रेल्वे म्युझियम, लोटस टेंपल, अक्षरधाम, गांधी स्मृती, पंतप्रधान संग्रहालय, सगळ्यांना एकजात कुलूप. बरं, निदान सरोजिनी नगरला जाऊन स्वस्तात चार कुर्ते घ्यावेत म्हटलं, तर तो बाजारही सोमवारीच सुट्टी घेतो. शनिवार-रविवारला सोमवारची रजा चिकटवून सहल बसवणारी मंडळी नेमकी इथेच गंडतात.

बाकीचे वारही कमी लहरी नाहीत. रविवारी चांदणी चौकातल्या घाऊक पेठा बंद. शुक्रवारी ताजमहाल बंद, त्यामुळे दिल्लीहून आग्र्याला शंभरेक मिनिटांत पोचवणारी गतिमान एक्स्प्रेसही शुक्रवारी धावत नाही. गुरुवार मात्र फर्मास. संध्याकाळी निजामुद्दीनच्या दर्ग्यात कव्वाली रंगते आणि फिरोजशाह कोटल्यात जिन मंडळींचा दरबार भरतो (त्यांची गाठ पुढे घालून देतो). तेव्हा माझं मत विचाराल तर गुरुवार, शुक्रवार, शनिवार दिल्ली आणि रविवारी घर. सोमवार गळ्यात पडलाच, तर कुतुबमिनार, हुमायूनची कबर, लोधी गार्डन, जंतरमंतर हे त्या दिवशी उरकून घ्या.

महिन्यांचंही एक पथ्य आहे. जानेवारीत संचलनाच्या तालमींसाठी कर्तव्यपथ वरचेवर बंद होतो आणि १५ ऑगस्टच्या आधी लाल किल्ला पर्यटकांना मिळत नाही. फेब्रुवारी-मार्च उत्तम. हवा मवाळ असते आणि राष्ट्रपती भवनातल्या अमृत उद्यानाची दारंही याच सुमारास उघडतात.

दोन पूल, दोन व्हाइसरॉय

मुंबईहून रेल्वेने जाणार असाल, तर निजामुद्दीन मागे पडल्यावर बॅगा घेऊन दाराशी उभं राहण्याऐवजी खिडकीशी बसा. नवी दिल्ली यायच्या आत दोन चिमुकली स्टेशनं लागतात. आधी टिळक ब्रिज, मग शिवाजी ब्रिज. इंग्रजांच्या काळी हे अनुक्रमे हार्डिंग ब्रिज आणि मिंटो ब्रिज होते. टिळकांना मंडालेला धाडलं गेलं ते मिंटोच्या अमदानीत, तेव्हा खरं तर मिंटोचाच पूल त्यांना मिळायला हवा होता. वाटणीत तो महाराजांकडे गेला. दिल्लीकर अजूनही मिंटो ब्रिजच म्हणतात, आणि पावसाळ्यात त्याच्याखाली अर्धी बुडालेली बस हा तिथल्या पेपरांचा हुकमी फोटो.

नवी दिल्ली स्टेशनला दोन तोंडं आहेत, पहाडगंज आणि अजमेरी गेट. मेट्रो हवी असेल तर अजमेरी गेटच्या बाजूला उतरा. चुकलात तर सामानासकट सगळे प्लॅटफॉर्म ओलांडण्याचा व्यायाम फुकट. विमानाने टर्मिनल ३ ला उतरणाऱ्यांना एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो वीसेक मिनिटांत शहराच्या मध्यावर आणते, आणि कनॉट प्लेससाठी ज्या स्टेशनवर उतरायचं त्याचं नाव शिवाजी स्टेडियम. स्वस्तातली बरीच विमानं टर्मिनल १ ला लागतात. तिथून मॅजेंटा लाइन वेगळी, हे आधीच डोक्यात असू द्या.

मिनाराखालचा टोप

कुतुबमिनार नावाच्या मेट्रो स्टेशनवर उतरलात म्हणजे कुतुबमिनारला पोचलात असं नव्हे. तिथून पुढे ऑटो करावीच लागते. मिनाराची उंची ७२.५ मीटर, आत ३७९ पायऱ्या. त्या आता कुणालाच चढता येत नाहीत. डिसेंबर १९८१ मध्ये आतल्या काळोखात चेंगराचेंगरी होऊन पंचेचाळीस जण गेले, त्यात बरीच शाळकरी मुलं होती. तेव्हापासून दार बंद.

बहुतेक लोक मान वर करून फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही जरा हिरवळीकडे बघा. तिथे एक दगडी छत्री एकटीच उभी आहे. मेजर रॉबर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअराने १८२८ मध्ये मिनाराची डागडुजी करताना हौसेने वर स्वतःच्या डिझाइनची छत्री चढवली. ती इतकी विसंगत दिसत होती की वीस वर्षांनी गव्हर्नर जनरल हार्डिंगने ती खाली उतरवली. (हे हार्डिंग पुलवाल्या हार्डिंगचे आजोबा.) साहेबाची हौस तेव्हापासून गवतावर आहे. पलीकडचा अलाई मिनार म्हणजे अल्लाउद्दीन खिलजीची हौस. त्याला कुतुबच्या दुप्पट उंच मनोरा हवा होता. पहिला मजला होईतो स्वारी वारली, आणि आता तिथे नुसता ओबडधोबड दगडांचा बुंधा आहे.

लोहस्तंभ याच आवारात. सुमारे सोळाशे वर्षांचा, सहा टनांहून जड, आणि गंजाचा पत्ता नाही. लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने वर एक पातळ संरक्षक थर तयार झाला, असं धातुतज्ज्ञ सांगतात. पाठमोरं उभं राहून खांबाला मिठी मारली आणि हात जुळले तर नशीब उघडतं, अशी समजूत होती. इतक्या पिढ्यांनी नशीब आजमावलं की कमरेच्या उंचीवर लोखंड चकचकीत झालं, आणि १९९७ मध्ये कुंपण घालावं लागलं. आता नशीब कुंपणाबाहेरूनच.

मिर्झाराजांचा बंगला

हा माझा सगळ्यात लाडका तुकडा, आणि गाइड मंडळी तो मराठी ग्रुपला सांगतच नाहीत. कनॉट प्लेसजवळचं बंगला साहिब गुरुद्वारा. यातला बंगला कुणाचा? राजा जयसिंहाचा. तोच मिर्झाराजा, पुरंदरच्या तहाचा! शिखांचे आठवे गुरू हरकिशन १६६४ मध्ये इथे उतरले होते. दिल्लीत तेव्हा देवीची साथ होती आणि त्यातच बालगुरूंचा अंत झाला. पुढच्या वर्षी जयसिंह दख्खनेत पुरंदराला वेढा घालून बसला होता. डोक्यावर रुमाल बांधा, तळ्याला एक फेरी मारा, लंगरमध्ये पंगतीला बसा. पोळी घेताना दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायची असते. ताट पुढे सरकवलंत तर वाढणारे सरदारजी हसून हातांकडे खूण करतील.

तिथून चालत जंतरमंतर. हे १७२४ च्या सुमाराचं, सवाई जयसिंहाचं, म्हणजे मिर्झाराजाच्या खापरपणतवाचं काम. तारे मोजायला पितळेची यंत्रं पुरत नाहीत म्हणून या गड्याने इमारतीएवढी यंत्रं बांधली, तीही दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी अशा पाच ठिकाणी. पुढे माळव्यावरून बाजीरावाशी बोलणी करायची वेळ याच सवाई जयसिंहावर आली. पणजोबाच्या बापाने तह लादला, खापरपणतवाने तडजोड केली, आणि दोघांच्या वास्तू पायी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर!

बाजीरावाचा विषय निघालाच आहे तर तालकटोरा. १७३७ मध्ये मोगल फौजांना हुलकावणी देऊन बाजीराव थेट दिल्लीवर येऊन धडकले, त्या वेळची चकमक याच परिसरात झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलं तेही तालकटोरा स्टेडियमवर. दिल्लीतलं त्याआधीचं संमेलन १९५४ चं, अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. आणि कुणी दिल्लीकर राजधानीचा फारच तोरा मिरवू लागला, तर त्याला १३२७ ची आठवण द्या. महंमद तुघलकाने राजधानी उचलून आमच्या देवगिरीला आणली होती. टिकली नाही, हे सांगायची गरज नाही.

चांदी, चिमण्या आणि तळलेला पराठा

लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासमध्ये मयूरासन कुठे होतं ते सगळे विचारतात. ते १७३९ मध्ये नादिरशहाने नेलं. वर छताकडे मात्र कुणी बघत नाही. तिथे एके काळी चांदीचं छत होतं. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा खजिन्यात खडखडाट होता, फौजेचे पगार थकले होते. भाऊंनी चांदी उतरवून वितळवली आणि तिचे रुपये पाडले. काही महिन्यांनी पानिपत झालं. आज दिसतं ते लाकडी छत नंतरचं.

किल्ल्यासमोर लाल जैन मंदिराच्या आवारात चक्क पक्ष्यांचं धर्मादाय इस्पितळ आहे. पतंगाच्या मांजाने कापलेली कबुतरं, पंख्याला आपटलेल्या चिमण्या, सगळ्यांवर फुकट उपचार. नियम एकच. शाकाहारी पक्ष्यांनाच भरती करून घेतात. घार-ससाण्यांना बाहेरच्या बाहेर तपासून वाटेला लावतात.

मग खाणं. पराठेवाल्या गल्लीतला पराठा आपल्या कल्पनेतला नव्हे. तो तव्यावर भाजत नाहीत, कढईत तळतात. लाटलेली पारी तुपात सोडली की झाऱ्याने दाबतात, ती टम्म फुगते, कडा खरपूस होतात, आणि बटाटा, पापड, रबडी असं काहीही पोटात घेऊन ती पानात पडते. एकाने दोनच्या पुढे जाऊ नये, कारण थंडीत गेला असाल तर दौलत की चाटसाठी जागा ठेवायची आहे. हा दुधाचा फेस. फक्त हिवाळ्यात, सकाळच्या प्रहरी मिळतो. नावात चाट असली तरी पदार्थ गोड, आणि तोंडात घालेपर्यंत विरूनही जातो.

जिनांना अर्ज, क्रिकेटला सलाम

आता कोटला. दर गुरुवारी लोक इथल्या पडक्या खोल्यांत जिनांना चिठ्ठ्या लिहून ठेवतात. नोकरी, लग्न, कोर्टकचेरी, जे असेल ते. वर उभा आहे तो अशोकस्तंभ फिरोजशहा तुघलकाने टोपऱ्याहून आणवला, कापसात आणि वेतात गुंडाळून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर घालून. त्यावर काय लिहिलंय हे त्याच्या पदरच्या एकाही पंडिताला वाचता आलं नाही. ते कोडं जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये सोडवलं.

भिंतीपलीकडे क्रिकेटचं मैदान, आताचं अरुण जेटली स्टेडियम. १९८३ मध्ये गावसकरांनी वेस्ट इंडीजविरुद्ध एकोणतिसावं शतक ठोकून ब्रॅडमनला इथेच गाठलं. गावसकरांची संख्या पुढे चौतीसवर थांबली. ती ओलांडणारं पस्तिसावं शतक सचिनने २००५ मध्ये काढलं, तेही इथेच. मुंबईचे दोन विक्रम आणि मैदान दिल्लीचं. यात शेजारच्या जिनांचा हात किती, ते त्यांनाच माहीत.

वेळ उरला तर

इंडिया गेटमागच्या छत्रीत पंचम जॉर्जचा पुतळा होता. १९६८ मध्ये तो हलवला आणि छत्री तब्बल ५४ वर्षं रिकामी राहिली. २०२२ मध्ये नेताजी आले. जॉर्जसाहेब शहराच्या उत्तरेला कोरोनेशन पार्कात आहेत. राष्ट्रीय संग्रहालयातली मोहेंजोदडोची नर्तिका शोधताना डोळे बारीक करा. पाठ्यपुस्तकात पानभर दिसणारी ही बाई प्रत्यक्षात साडेदहा सेंटिमीटरची आहे. पालमजवळ सुलभचं शौचालय संग्रहालय आहे. पोरं बरोबर असतील तर लाल किल्ला विसरतील, हे नाही विसरणार. आणि अलीपूर रोडवरचं २६ नंबरचं घर, जिथे बाबासाहेबांनी शेवटचा श्वास घेतला. आता तिथे उघड्या संविधानाच्या आकाराचं स्मारक आहे. याला घाईची वीस मिनिटं देऊ नका, अर्धा दिवस द्या.

तिसऱ्या दिवशी घरच्या चवीची आठवण होतेच. आयएनए मेट्रोला लागून असलेल्या दिल्ली हाटात महाराष्ट्राचा स्टॉल आहे. पुरणपोळी, वडापाव वगैरे मिळतं. आणि डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर परतीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. धुक्यात दिल्लीच्या गाड्या कधी सुटतील, याचं उत्तर कोटल्याचे जिनही देत नाहीत.