वेग, अंतर, वेळ: बऱ्हाणपूरच्या रेल्वेमार्गावरून

वेग म्हणजे ठरावीक वेळात कापलेले अंतर. अंतराला वेळेने भागले की वेग मिळतो. वेग आणि वेळ यांचा गुणाकार केला की अंतर मिळते. अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो.

भुसावळ ते बऱ्हाणपूर हे रेल्वेचे अंतर सुमारे ५४ किमी आहे. समजा, एका गाडीला ४५ मिनिटे लागली. आधी एकके जुळवावीत: ४५ मिनिटे म्हणजे पाऊण तास. ५४ ÷ ०.७५ = ७२, म्हणून वेग ताशी ७२ किमी.

एक किलोमीटर म्हणजे १००० मीटर आणि एक तास म्हणजे ३६०० सेकंद. त्यामुळे ताशी किलोमीटरला ५/१८ ने गुणले की सेकंदाला मीटर मिळतात. ७२ चे २० होतात. गाडी ४०० मीटर व फलाट ६०० मीटर लांब असेल, तर फलाट पूर्ण ओलांडायला दोन्ही लांबींची बेरीज धरावी: १००० ÷ २० = ५० सेकंद.

खरी चूक सरासरीत होते. परतीचा वेग ताशी ३६ किमी असेल, तर दीड तास लागेल. एकूण १०८ किमीला सव्वादोन तास, म्हणजे सरासरी वेग ताशी ४८ किमी; ७२ आणि ३६ यांची सरासरी ५४ नव्हे. सरासरी वेग काढताना वेगांची सरासरी घेऊ नये. एकूण अंतराला एकूण वेळेने भागावे.