सोयाबीनची कापणी : मोलाचे आठ दिवस

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात आखाडा बाळापूर व आसपासच्या काळ्या जमिनीत पूर्वी खरिपाला ज्वारी, मूग व उडीद यांचे प्राबल्य होते. १९९० नंतरच्या काळात त्यातील बरेचसे क्षेत्र सोयाबीनने व्यापले. बियाणे, खते व फवारणी यांबाबत येथील शेतकरी आता जागरूक आहे. कापणीच्या दिवसाचा विचार मात्र तितक्या काटेकोरपणे होत नाही. वास्तविक, तयार झालेल्या पिकापैकी किती घरी येणार व किती शेतात सांडणार, हे पक्वतेनंतरच्या आठ-दहा दिवसांतच ठरते.

पाने पिवळी पडून शेंगांचा हिरवा रंग ओसरला की दाण्यात अन्नद्रव्य जाण्याचे थांबते. त्या वेळी दाण्यात निम्म्याच्या आसपास ओलावा असतो. तथापि त्याची भरण पूर्ण झालेली असते. त्यापूर्वी कापणी केल्यास दाणे हिरवट, सुरकुतलेले व वजनास हलके राहतात. त्यानंतर मात्र झाड उत्पन्नात काहीही भर घालीत नाही. “आणखी आठवडाभर उभे राहिले तर दाणा ठसठशीत होईल” ही समजूत या टप्प्यावर निराधार ठरते. यापुढचे थांबणे केवळ दाणा वाळण्यासाठी असते.

पाने गळून सुमारे ९५ टक्के शेंगांना पक्वतेचा रंग आला आणि दाण्यातील ओलावा १५ ते १७ टक्क्यांवर उतरला, म्हणजे कापणीची वेळ झाली असे समजावे. जेएस ३३५ हे वाण साधारणतः ९५ ते १०० दिवसांत तयार होते. जूनअखेर पेरलेले पीक त्यामुळे ऑक्टोबरच्या प्रारंभी, म्हणजे नेमके परतीच्या पावसाच्या तोंडावर, कापणीस येते.

शेंग का तडकते?

शेंगेच्या सालीतील थर वाळताना निरनिराळ्या दिशांनी आकसतात. त्यामुळे दोन्ही शकलांवर पीळ पडतो व शिवण उकलून दाणे बाहेर उडतात. पावसाने भिजणे व पुन्हा उन्हात तापणे असे दोन-तीनदा घडले की शिवण अधिकच दुबळी होते. म्हणूनच दवाने शेंगा किंचित नरम असताना, सकाळच्या प्रहरी कापणी करणे हितावह असते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची एमएयूएस ७१, एमएयूएस १५८ व एमएयूएस ६१२ ही वाणे तडकण्यास तुलनेने सहनशील आहेत. परंतु सहनशील म्हणजे अभेद्य नव्हे.

सांडलेला दाणा पाल्याखाली दडतो, त्यामुळे नुकसान सहसा नजरेत भरत नाही. ते मोजणे मात्र अवघड नाही. शाळेतील मुलांनाही करता येईल असा हा हिशेब आहे. कापणीनंतर एक चौरस मीटर जागेतील दाणे वेचावेत. शंभर दाणे सापडले व त्यांचे वजन १२ ग्रॅम भरले, तर हेक्टरी १२० किलो सोयाबीन मातीत गेले. २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेल्या क्विंटलमागे ५,३२८ रुपये या आधारभूत किमतीने ही रक्कम सुमारे ६,४०० रुपये होते.

विलंबाचे कारण बहुधा अज्ञान नसून मजुरांची टंचाई हे असते. सर्वांचे पीक एकाच आठवड्यात तयार होते, गुत्त्याचे दर चढतात आणि मळणीयंत्राची पाळी लांबते. सर्व क्षेत्रात एकच वाण न घेता लवकर व उशिरा येणारी वाणे विभागून पेरल्यास ही कोंडी पुष्कळशी सैल होते. पंचायतींना याबाबत पेरणीपूर्वीच गावात विचारविनिमय घडवून आणता येईल.

कापलेले पीक वाळवून मगच सुडी लावावी व ती ताडपत्रीने झाकावी. ओल्या पिकाची सुडी आतून तापते व दाणा काळवंडतो. मुगाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या शेंगा एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून दोन-तीन तोडण्या कराव्या लागतात. अन्यथा भाद्रपदातील झडीत शेंगेतच मोड फुटतात.

घाईने मळलेल्या ओल्या मालाची अडचण बाजारात उघड होते. आधारभूत खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. २०२४-२५ च्या हंगामात केंद्र शासनाने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. पुढील वर्षाच्या बियाण्यासाठी ठेवावयाचा माल १३ ते १५ टक्के ओलावा असताना, यंत्राची गती मिनिटास ३५० ते ४०० फेऱ्यांवर ठेवून मळावा. सोयाबीनचे टरफल पातळ असते. वेगाच्या माऱ्याने ते तडकले की दाणा दिसावयास चांगला असूनही उगवत नाही.