अंधाऱ्या नाट्यगृहांतील मुद्राचित्रें

विलेपार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहांत, मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरांत किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहांत मैफल चालू असतां, एखादा तरुण लांब भिंगाचा कॅमेरा डोळ्याला लावून कडेला बसलेला आपण पाहिला असेल. त्यानें अनुमति आधींच घेतलेली असते. तरी फ्लॅशचा लखलखाट वर्ज्य, आणि जागा सोडून पुढें सरकणेंहि वर्ज्य. अंतर आणि अंधार या दोन्ही अडचणी भिंगानेंच निवारावयाच्या.

अशा झूम भिंगावर ७०-२०० असे आंकडे असतात. ते नाभीय अंतराचे मिलिमीटर होत. ३६ × २४ मिलिमीटर चौकटीच्या कॅमेऱ्यांत २०० चें टोंक लाविलें, तर दहा मीटरांवरून उभ्या चित्रांत सुमारें १.८ मीटर उंची व १.२ मीटर रुंदी मावते. बसलेला गवई त्यांत सुखानें येतो. परंतु खरी महत्त्वाची खूण निराळीच, २.८ ही. नाभीय अंतरास या आंकड्यानें भागलें म्हणजे प्रकाशद्वाराचा व्यास निघतो. २०० ला तो सुमारें ७१ मिलिमीटर. स्वस्त झूम लांब टोंकाला बहुधा ५.६ वर येतें, आणि प्रकाश चौथाईच मिळतो. एक-दीड किलोचें महागडें ओझें लोक वागवितात तें यासाठीं. मात्र द्वार इतकें उघडें ठेविलें, कीं दहा मीटरांवर सुस्पष्टतेचा पट्टा जेमतेम चाळीस सेंटिमीटरांचा उरतो. मागचा तंबोरेवाला धूसर होतो. मला त्यांत कांहीं गैर वाटत नाहीं. गवयाचा डोळा तेवढा चुकतां कामा नये.

भिंगांतील कंपरोधक योजना आपल्या हाताचा कंप आवरते, नर्तकीची गिरकी नव्हे. कथकाच्या चक्रीला सेकंदाचा पांचशेवा भागहि कधीं अपुरा पडतो. पण तिहाई संपून समेवर ती थबकते, तेव्हां अडीचशेवा भाग पुरतो. तसेंच गवयाचें. तानेंत हात हवेंत फिरतो, लांबविलेल्या षड्जावर चेहरा स्थिरावतो. ज्याला ताल कळतो त्याला हा क्षण येण्यापूर्वींच कळतो. येथें यंत्रापेक्षां कान अधिक कामाचा.

उरलेली तूट संवेदनशीलता ३२०० वा ६४०० पर्यंत चढवून भरावी. दाणा दिसेल; पण दाणेदार चित्र पाहवतें, हललेलें पाहवत नाहीं. दाण्याच्या भयानें चित्र काळवंडलेलें घेऊन घरीं संगणकावर उजळणारे पुष्कळ आहेत. सावल्यांतला दाणा तेव्हां अधिकच उफाळतो. आपोआप मापनावरहि विसंबूं नये. काळ्या पडद्याचा अंधार पाहून तें उजेड वाढवितें, आणि झोतांतलें कपाळ पांढरेंफटक होतें. चेहऱ्यापुरतें माप घेऊन आंकडे हातानें कायम करावे.

हल्लीं एक नवा पेंच उद्भवला आहे. आरसाविरहित कॅमेऱ्याचें मूक इलेक्ट्रॉनिक शटर आलापींत वरदान वाटतें. पण मंद केलेले कित्येक एलईडी दिवे डोळ्याला न कळेल अशा वेगानें लुकलुकतात, आणि चित्रावर काळे पट्टे उमटतात. यांत्रिक शटरनें ते बरेच घटतात, पण त्याचा खटका शेजारच्या रांगांना ऐकूं जातो. म्हणून दिव्यांची चांचणी चालू असतांनाच दोन-चार चित्रें घेऊन पाहावीं. पट्टे दिसले, तर यांत्रिक शटर पत्करून तें टाळ्यांच्या गजरांत दाबावें.

जुहूच्या पृथ्वी थिएटरांत, म्हणजे १९७८ सालीं उघडलेल्या त्या सुमारें दोनशे आसनांच्या घरांत, गणित बदलतें. तेथें प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंस बसतात व नट इतका जवळ असतो, कीं ७० चें टोंकहि पुष्कळदां पुरतें. मात्र बाजूनें चित्र घेतलें तर नटाच्या मागें पडद्याऐवजीं पलीकडच्या प्रेक्षकांचे चेहरे येतात. तेथें मधल्या भागांतील खुर्ची धरावी.